पन्नास रुपयांचं पेन्शन

महिन्याची वीस तारीख उलटली की आपण बायका हिशेबाची वही जरा जास्तच वेळा उघडतो, हो की नाही? वाण्याचं देणं, दुधाचं बिल, मुलांच्या शिकवणीची फी. त्यात एखादं चिरंजीव शाळेतून येऊन सांगतात, की बाईंनी अमुक पुस्तक उद्याच आणायला सांगितलंय. मग आपल्या कपाळाला आठी पडते. ‘अभ्यासाचं एक आहे ना घरात? हे दुसरं पुढच्या महिन्यात बघू,’ असं आपण सहज म्हणून जातो. घरोघरी हेच चालतं. आज मी तुम्हाला एका अशा गृहस्थांबद्दल सांगणार आहे, ज्यांनी पुस्तकाला कधी पुढच्या महिन्याचा वायदा केला नाही. पगार नव्हता, होतं ते पेन्शन. तेही महिना पन्नास रुपये.

त्यांचं नाव सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

नाव ऐकल्यासारखं वाटतं ना? वाटणारच. मी दादरच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते, आणि दर वर्षी वर्गात हे नाव एका वाक्यात येतं नि एका वाक्यात जातं. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी हे लष्करात सुभेदार होते.’ पूर्णविराम. मुलं वहीत लिहून घेतात, परीक्षेत रिकाम्या जागी भरतात आणि पुढे जातात. पण घर चालवणाऱ्या बाईच्या मनात लगेच प्रश्न येतो, की सुभेदार होते ते ठीक, पण पुढे काय? लष्करातून आल्यावर घर कसं चाललं? आई नव्हती म्हणतात, मग मुलांना वाढलं कोणी? बाबासाहेबांनी स्वतःच्या ज्या थोड्या आठवणी लिहिल्या-सांगितल्या आहेत, आणि धनंजय कीर व चांगदेव खैरमोडे यांनी जी चरित्रं लिहिली आहेत, ती मी या एका प्रश्नासाठी वाचली. गोलमेज परिषद वगैरे पानं तेवढ्यापुरती बाजूला ठेवली आणि नुसतं घर शोधत गेले.

रामजींचं मूळ गाव आंबवडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात. त्यांचे वडील मालोजीही लष्करातच होते. त्या काळी महार समाजातल्या पुष्कळ घरांतून पिढ्यान्‌पिढ्या लष्करात जायची रीत होती. गावात ज्याची सावली चालत नसे, त्याला तिथे निदान अंगावर गणवेश आणि हातात ठरलेला पगार मिळे. आणखीही एक गोष्ट मिळे. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे, की जुन्या लष्करात हिंदी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. मुलांना, तसंच मुलींनाही! मैत्रिणींनो, जरा विचार करा. पुण्यात सावित्रीबाईंच्या अंगावर ज्या काळात शेण टाकलं जात होतं, त्या शतकात छावणीच्या आत शिपायांच्या लेकी पाटी घेऊन बसत होत्या.

रामजी याच शिक्षणातून पुढे आले आणि लष्करी शाळेत शिक्षक झाले. चौदा वर्षं ते मुख्याध्यापक होते. आपल्या डोळ्यांसमोर सुभेदार म्हटलं की तलवार-बंदूक येते. या सुभेदारांच्या हातात मात्र बरीचशी वर्षं खडूच होता. इंग्रजी चांगलं, गणित त्याहून चांगलं. घराणं कबीरपंथी. मांस-मद्य वर्ज्य. बायको भीमाबाई, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकडची. तिच्या माहेरीही सगळे लष्करातले, आणि हुद्द्यानं मोठे. या जोडप्याला चौदा अपत्यं झाली. चौदावं अपत्य १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतात महूच्या छावणीत जन्मलं. घरात त्याला भिवा म्हणत. लहानपणाबद्दल लिहिताना मीही भिवाच म्हणते, तुम्हाला चालेल ना? या चौदांतली पाच जगली. बाळाराम, आनंदराव आणि भिवा हे मुलगे, मंजुळा आणि तुळसा या मुली. चौदा बाळंतपणं आणि नऊ मुलं मातीआड. चरित्रांत हे एका ओळीत लिहिलेलं असतं. आपल्याला ती ओळ वाचून पुढच्या ओळीवर पटकन जाता येत नाही.

१८९४ साली रामजी निवृत्त झाले. त्याच्या थोडं आधी, १८९२-९३ च्या सुमारास, सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली होती. म्हणजे बापानं केली ती नोकरी लेकाला करता येणार नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेऊन रामजींनी या बंदीविरुद्ध दाद मागितली, असं कीर सांगतात. उपयोग झाला नाही. मला वाटतं, ही गोष्ट नीट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं सगळं कळत नाही. पिढीजात वाट बंद झाली, शेतीवाडीचा आधार नाही, गावात मान नाही. मग मुलांच्या हातात द्यायचं काय? चौदा वर्षं शाळा चालवलेल्या माणसाला उत्तर एकच दिसलं असणार.

निवृत्तीनंतर काही दिवस दापोलीत काढून कुटुंब साताऱ्याला आलं. आणि तिथे १८९६ च्या सुमारास भीमाबाई गेली. भिवा तेव्हा पाचेक वर्षांचा. घरात लहान मुलं, बायको नाही, आणि त्यांचे वडील नोकरीनिमित्त बाहेरगावी. ही पोरं सांभाळली त्यांच्या आत्यानं. तिचं नाव मीराबाई. रामजींची थोरली बहीण. पाठीला पोक होतं, त्यामुळे कामाचा उरक बेताचाच. घरातला स्वयंपाक पुष्कळदा मुलंच करत. पण भिवावर तिचा जीव होता. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या घरात अशी एक आत्या किंवा मावशी असायची, जिचा फोटो भिंतीवर कधी लागत नाही. 

रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल म्हणून काम करत होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खोदला जात होता. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना तिकडे बोलावलं. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं अशी पलटण आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणीच आलं नव्हतं. मुलं चांगल्या घरची दिसतात म्हणून स्टेशनमास्तर आधी प्रेमानं बोलले. जात कळली, तसे पाच पावलं मागे सरले. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं, असं ठरलं. बरोबर डबा होता, पण पाणी नव्हतं. रात्रभर कोणी पाणी दिलं नाही. डबा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुलं उपाशीपोटी बापापुढे उभी राहिली, तेव्हा रामजी चकितच झाले. त्यांना पत्रच पोचलं नव्हतं! मागाहून उलगडा झाला, की पत्र वेळेवर आलं होतं, पण घरातल्या गड्यानं घेतलं आणि द्यायला विसरला.

हा प्रसंग आपण भाषणांतून ऐकतो, तो अस्पृश्यतेचा म्हणून. तो तसा आहेच. पण मला दर वेळी त्या बापाच्या घराचं दार उघडतं तो क्षण दिसतो. दहा वर्षांचं पोर रात्रभर तहानलेलं, आणि आपल्याला पत्ताच नाही. लष्करात सुभेदारकी केलेल्या माणसाच्या मुलाला, पैसे मोजायची तयारी असून, घोटभर पाणी मिळत नाही. रामजी त्या दिवशी काय बोलले ते बाबासाहेबांनी लिहिलेलं नाही.

मध्यंतरी रामजींनी दुसरं लग्न केलं. जिजाबाई त्यांचं नाव. भिवाला हे मुळीच रुचलं नाही. एकदा सणाच्या दिवशी नव्या आईच्या अंगावर त्यानं आपल्या आईचे दागिने पाहिले आणि त्याचं डोकंच फिरलं. बापाच्या जिवावर जगायचं नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचं, असं त्यानं ठरवलं. भाड्याला पैसे हवेत म्हणून आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायचा बेत केला. तीन रात्री प्रयत्न फसले, चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. आत निघाला अर्धा आणा! हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येईना, तेव्हा भिवानं ठरवलं की आता जोरात अभ्यास करायचा आणि लवकर स्वतःच्या पायावर उभं राहायचं. जिजाबाईंच्या बाजूनं कोणी काही लिहिलेलं नाही. सवतीच्या मुलांत येऊन, नवऱ्यानं दिलेले दागिने सणाला अंगावर घातले, तर तिचं काय चुकलं? मला तरी तिची बाजू कळते. पण आई गेलेल्या मुलाच्या पोटात कालवलं, तेही कळतं.

१९०४ च्या सुमारास रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड केलं. तुम्ही मुंबईच्या नसाल तर सांगते, दादर आणि परळ हे शेजार-शेजार. आज लोअर परळला काचेच्या उंच इमारती आहेत. तेव्हा तिथे गिरण्यांची धुराडी होती आणि गिरणी कामगारांच्या चाळी. एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणं, बसणं-उठणं, सरपण नि धूर. कोपऱ्यात जातं. शिवाय एक शेळीही होती. आता या खोलीत अभ्यास करायचा कुठे आणि कधी, सांगा पाहू! चाळीत वाढलेल्या माझ्या मैत्रिणींना उत्तर माहीत आहे. सगळे झोपल्यावर.

रामजींनी त्याची लष्करी शिस्तीत व्यवस्था लावली. संध्याकाळी भिवाला लवकर झोपवायचं. स्वतः रात्री दोनपर्यंत जागं राहायचं. दोनला मुलाला उठवायचं, मग त्याच जागेवर आपण आडवं व्हायचं. खोलीत दोघांना पाय पसरायला जागा नव्हती म्हणून ही पाळी. चिमणी नसलेल्या दिव्याच्या उजेडात, जात्याजवळ आणि शेळीच्या सोबतीनं भिवा पहाटेपर्यंत वाचायचा. परीक्षेच्या दिवसांत आपण मुलांना चहा करून द्यायला पहाटे उठतो, आणि त्याचा केवढा पुकारा करतो! पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस रोज रात्री दोनपर्यंत गजराचं काम करतो, याला काय म्हणायचं?

शिकवणीही घरचीच. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांनी भिवाकडून पाठ करून घेतल्या. शब्दाला नेमका प्रतिशब्द शोधायची सवय लावली. घरात सकाळ-संध्याकाळ भजन, दोहे, पोथी. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांनी हजर असलंच पाहिजे, तिथे सबब चालायची नाही. रामायण-महाभारतही मुलांकडून वाचून घेत. मोठा झाल्यावर भिवानं विचारलं, की या ग्रंथांत आपल्या लोकांना हीन लेखलंय, मग तुम्ही आम्हाला हे का वाचायला लावता? रामजींनी दिलेलं उत्तर बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. त्याचा मतलब असा, की आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण, कर्ण ही साधी माणसं किती उंच चढली ते बघा, वाल्मीकी तर कोळी होता, त्यानं रामायण लिहिलं. मुलाला हे उत्तर पटलं नाही, हेही त्यानं मोकळेपणानं लिहिलंय. मला मात्र यात एक शिक्षक दिसतो. हाताशी जी पुस्तकं आहेत त्यांतूनच आपल्या मुलाला कणा द्यायचा, ही त्याची धडपड.

आणि खबरदार, कौतुक करायचं नाही! भिवा इंग्रजी चौथी पास झाला तेव्हा समाजातल्या लोकांना त्याचा जाहीर सत्कार करायचा होता. त्यांच्या दृष्टीनं ही केवढी गोष्ट होती! रामजींनी साफ नाही म्हटलं. पोराचं डोकं फिरेल, नुसती एक परीक्षा तर पास झालाय, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी मग दादा केळुसकरांना, म्हणजे चरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना गाठलं. ते रामजींचे स्नेही. त्यांनी समजूत घातली, तेव्हा कुठे समारंभ झाला. त्यात केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भिवाला भेट दिलं. पुढे १९५६ साली नागपूरला काय घडलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आजकाल बालवाडीच्या ‘पदवीदान’ समारंभाला काळे झगे घालून पोरांचे फोटो काढतात, तेव्हा मला रामजींची आठवण येते, हा आपला एक विषयांतराचा भाग.

आता त्या पन्नास रुपयांकडे येऊ. मुंबईचं भाडं, इतकी माणसं, दोन मुलांचं शिक्षण. जमेना. तेव्हा आनंदरावाची शाळा थांबली आणि तो नोकरीला लागला. एकाच मुलाला शिकवता येईल, मग कोणाला, हा प्रश्न कुठल्याही आईबापाला पडू नये. इथे तो पडला आणि त्याचं उत्तर एका मुलाच्या वाट्याला आलं. बाबासाहेबांचं चरित्र लिहिणाऱ्यांनी आनंदरावाला फारशी जागा दिली नाही, म्हणून मी मुद्दाम त्याचं नाव इथे लिहिते.

भिवाला तर पुस्तकांचं वेड. शाळेतल्या पुस्तकांवर भागेना, बाहेरची हवीत, आणि तीही स्वतःची हवीत. रामजी पुस्तक आणायला निघत तेव्हा खिशात पैसे असतच असं नाही. मग ते मुलीच्या घरी जात. मंजुळा आणि तुळसा दोघी लग्न होऊन मुंबईतच होत्या. एकीकडे दोन-चार रुपये मिळाले तर ठीक. नाही मिळाले तर दुसरीकडे जायचं आणि तिच्या अंगावरचा एखादा दागिना मागून घ्यायचा. तो मारवाड्याकडे गहाण ठेवायचा, पैसे घ्यायचे, पुस्तक आणायचं. पहिल्या तारखेला पेन्शन हाती पडलं की दागिना सोडवून लेकीला परत. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तेच. हे बाबासाहेबांनी स्वतः सांगितलंय. नाही तर माझाही विश्वास बसला नसता.

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाप लेकीला देतो. सणावाराला, बाळंतपणाला, काही ना काही. लेकीच्या दारात जाऊन तिचा दागिना मागणं त्या सुभेदारांना किती जड गेलं असेल! आणि त्या लेकींचं काय? त्या सासुरवाशिणी. अंगावरचा दागिना दिसेनासा झाला की घरात पहिला प्रश्न कोण विचारतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांनी काय सांगितलं असेल सासूला? ‘भावाच्या पुस्तकाला दिला’ असं? पण त्यांनी दर वेळी काढून दिला. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं मागे मुलीच्या क्लासच्या फीसाठी बांगड्या बँकेत ठेवल्या. ‘बाई, कोणाला बोलू नका,’ म्हणाली. हल्ली त्याला गोल्ड लोन असं साजरं नाव आहे, चकचकीत जाहिरातीही असतात. तरी आवाज तितकाच खाली येतो.

एवढं करून ज्या शाळेत पाठवलं, तिथे काय होतं? एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी, नावाजलेली शाळा. एकदा मास्तरांनी भिवाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. त्याबरोबर वर्गात एकच गलका झाला. मुलांनी आपापले डबे फळ्यामागे ठेवले होते. भिवा फळ्यापाशी पोचायच्या आत मुलांनी धावत जाऊन डबे उचलले. इथे मी थांबले. कारण ते डबे कोणीतरी भरले होते. मुंबईतल्या आयांनी, सकाळी उठून, आपल्या मुलांसाठी. कदाचित तुमच्या-माझ्या पणजीनंही. आणि दुसऱ्याच्या सावलीनं हा डबा बाटतो हे मुलांना शाळेनं शिकवलं नव्हतं, ते घरून शिकून आली होती. संस्कृत शिकायचं होतं, तेही शिकवायला नकार मिळाला. मग भिवानं फारसी घेतली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. ‘एवढेच?’ असं माझ्या वर्गातली मुलं म्हणतात. मी त्यांना रात्री दोनचा दिवा आणि ते जातं सांगते.

त्याच काळात रामजींनी मुलाचं लग्न करून दिलं. सून रमाबाई, वय नऊच्या आसपास. लग्न लागलं भायखळ्याच्या बाजारात. दिवसाचा बाजार उठल्यावर, रात्री, तिथल्या उघड्या छपराखाली. एका बाजूला वराकडचे, दुसऱ्या बाजूला वधूकडचे, आणि मासळीचे दगडी कट्टे हीच बैठक. पहाटे कोळणी यायच्या आत सगळं आवरलं. कार्यालयाचं भाडं, मंडप, बँड यांवर आपण आज जो खर्च करतो, त्यावर मी काही बोलत नाही, माझ्या धाकट्या दिराचं लग्न गेल्याच वर्षी झालंय!

मॅट्रिकनंतर पेन्शन पुरेनासंच झालं. केळुसकरांनी पुन्हा शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. कुटुंब मग परळलाच पोयबावाडीत, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहायला गेलं. आता दोन खोल्या झाल्या. १९१२ साली भीमराव बी. ए. ची परीक्षा उतरले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. मुलगा मार्गी लागला, आता सुभेदारांनी टेकावं, असं कोणालाही वाटेल. जेमतेम काही दिवस गेले नि तार आली, वडील अत्यवस्थ आहेत, लगेच निघा.

भीमराव निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या गाडीनं परळला पोचायला दुसरा दिवस उजाडला. वडिलांच्या नजरेला कोणीतरी हवं होतं, ती दाराकडे लागून राहिली होती. मुलगा समोर दिसल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. थोड्याच वेळात सगळं संपलं. तारीख होती २ फेब्रुवारी १९१३. त्यानंतर काही महिन्यांत भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. ते रामजींनी पाहिलं नाही.

दादरमध्ये राहणाऱ्याला या घराचा विसर पडणं तसं अवघड आहे. हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ आहे, १९३० च्या दशकात बाबासाहेबांनी बांधलेलं. परळच्या चाळीतून निघून ते तिथे राहायला आले ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. रमाबाईंच्या वाट्याला ते घर फार थोडे दिवस आलं, २७ मे १९३५ ला त्या तिथेच गेल्या. आणि इकडे चौपाटीवर चैत्यभूमी. ६ डिसेंबर आला की शिवाजी पार्कच्या आसपास माणसांचा समुद्र लोटतो. आमच्याकडच्या काहींना तेव्हा हटकून लोणावळ्याची आठवण होते, ‘गर्दी फार हो’ म्हणतात. मी जात नाही कुठे. संध्याकाळी मुलांना घेऊन पार्काच्या बाजूनं एक फेरी मारते. तिथे सगळ्यात जास्त दुकानं कसली असतात माहीत आहे? पुस्तकांची. मराठवाड्यातून, विदर्भातून रात्रीची गाडी करून आलेल्या बायका, पदराच्या गाठीतून पैसे काढून पुस्तकं घेतात. काहींना स्वतःला वाचता येत नाही. ‘नातीला हवंय’ म्हणतात, आणि पुस्तक पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी नीट ठेवतात.

लष्करभरतीचं रामजींचं मागणं अपुरंच राहिलं होतं. ते त्यांच्या मुलानं पुढे लावून धरलं आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

त्याच्या कितीतरी आधी, १९२३ साली, लंडनमध्ये भीमराव आंबेडकरांचा एक जाडजूड ग्रंथ निघाला. विषय होता रुपया. रुपयाची किंमत कशी ठरते, ती का घसरते, चलन कोणी सांभाळावं, असा सगळा अवघड मामला. मी बी. ए. ला अर्थशास्त्र घेतलं होतं, तरी त्यातलं मला निम्मंच कळलं. अर्पणपत्रिका मात्र कोणालाही कळेल अशी आहे. आपल्या शिक्षणासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या, त्या वडिलांना आणि आईला.